हेड्स अप फुटबॉल

अमेरिकेत मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी ‘यूएसए फुटबॉल’ या संस्थेने आखलेला सुरक्षा-प्रशिक्षण कार्यक्रम. २०१२ मध्ये मोजक्या ठिकाणी चाचणी झाली, २०१३ पासून तो देशभर राबवला गेला. पैशाचे पाठबळ मुख्यतः एनएफएल या व्यावसायिक लीगचे.

आपल्याकडच्या फुटबॉलशी या खेळाचे साम्य नावापुरतेच. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर झेपावून पाडणे, म्हणजेच टॅकल, हा त्याचा गाभा. हेल्मेट कवटी वाचवते, पण धडकेसरशी आत हिंदकळणाऱ्या मेंदूला ते आवरू शकत नाही. त्या हादऱ्याला कन्कशन म्हणतात आणि तो बसल्यावर शुद्ध हरपतेच असे नाही.

मुलांचे प्रशिक्षक बहुधा हौसेने वेळ देणारे पालक असतात. त्यांना हेल्मेट नीट बसवणे, उन्हाचा त्रास ओळखणे, कन्कशनची लक्षणे हेरणे आणि डोके वर ठेवून, खांद्याने टॅकल करायला शिकवणे यांचे धडे दिले जातात. मुलगा गोंधळलेला दिसतो, तोल जातो, उत्तर द्यायला वेळ लावतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो. अशा वेळी ‘ठीक आहे’ या त्याच्या शब्दावर विसंबू नये, हा या शिकवणीतला सर्वांत मोलाचा भाग. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात डोक्याला मार लागलेला १३ वर्षांचा मुलगा त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि नंतर कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून त्या राज्यात त्या मुलाच्या आडनावाने ओळखला जाणारा २००९ चा लिस्टेड कायदा आला: नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले.

टॅकलचे तंत्र सुधारले की कन्कशन घटते, हा दावा मात्र टिकला नाही. संस्थेने जाहीर केलेले घटीचे आकडे या कार्यक्रमावरच्या अभ्यासातल्या माहितीशी जुळत नाहीत, हे २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिले. फरक दिसला तो धडकाच कमी करणाऱ्या, मुलांच्या पॉप वॉर्नर लीगमध्ये. तिने २०१२ मध्येच धडकांचा वेळ सरावाच्या एकूण वेळेच्या एकतृतीयांशावर आणला होता आणि तीन यार्डांहून जास्त अंतरावरून समोरासमोर वेगाने आदळण्याचे सराव बंद केले होते. २०१६ मध्ये तिने सर्वांत लहान गटांतले किकऑफही, म्हणजे चेंडू लांब लाथाडून खेळ सुरू करणे, काढून टाकले.