सीएमएस शोधकाचे ट्रिगर अद्ययावतीकरण

सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकावर सीएमएस हा टकरींतून निघालेले कण टिपणारा शोधक आहे. त्याची पहिल्या पातळीची निवडयंत्रणा, म्हणजे ट्रिगर, बदलण्याचा हा प्रकल्प. प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ४ कोटी वेळा समोरासमोर येतात. एवढी माहिती साठवणे अशक्य, म्हणून कोणती टक्कर ठेवायची हे ट्रिगर ठरवतो. त्याने टाकून दिलेली टक्कर नंतर कोणत्याही संगणकाला परत मिळत नाही.

निर्णय होईपर्यंत नोंद शोधकावरच्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या स्मृतीत थांबते. जुन्या रचनेत ही मुदत सुमारे ४ मायक्रोसेकंद आहे आणि तिचा मोठा वाटा नुसत्या वहनात जातो. प्रकाशतंतूतून संदेश मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर जातो. मानखुर्द-वाशीमधला ठाणे खाडीपूल सुमारे १.८ किलोमीटरचा; ४ मायक्रोसेकंदांत संदेश त्याचे निम्मे अंतरही कापत नाही. नवी मुदत १२.५ मायक्रोसेकंदांची आहे. तेवढ्यात तो वाशीला पोहोचून वर तीनेक मायक्रोसेकंद उरतात. अर्थात मुदत वाढवायची तर केवळ ट्रिगरची कार्डे बदलून भागत नाही. कणांचे मार्ग टिपणारा अंतर्भागातला मार्गशोधक आणि कणांची ऊर्जा मोजणाऱ्या विद्युतचुंबकीय कॅलरीमापकाच्या मधल्या भागाचे इलेक्ट्रॉनिक्सही बदलावे लागते.

हा खटाटोप गर्दीमुळे. उच्च दीप्तीच्या, म्हणजे जास्त टकरींच्या, पुढच्या टप्प्यात पुंजक्यांच्या एकाच भेटीत २०० पर्यंत टकरी एकमेकींवर चढतील, त्यामुळे कॅलरीमापक आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) टिपणारे कक्ष यांवरून निवड करणे पुरत नाही; मार्गशोधकाचीही मदत लागते. नव्या मार्गशोधकात काही मिलिमीटर अंतरावर संवेदकांचे जोडथर आहेत. ३.८ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात कमी संवेगाचा कण जास्त वळतो, जास्त संवेगाचा जवळजवळ सरळ जातो. दोन थरांवरचे ठसे किती सरकले यावरून २ जीईव्हीपेक्षा (जीईव्ही हे इथे संवेगाचे माप) कमी आडव्या संवेगाचे कण जागीच गाळले जातात. ही युक्ती या प्रकल्पातली सर्वांत देखणी गोष्ट म्हणावी लागेल. स्वीकृतीचा दरही सेकंदाला १ लाखावरून साडेसात लाखांवर जाईल.

याआधी २०१६ मध्ये ट्रिगरची जुन्या व्हीएमई प्रमाणाची कार्डे काढून मायक्रोटीसीए या नव्या प्रमाणाच्या चौकटी बसवल्या गेल्या. आता त्याहून मोठ्या एटीसीए प्रमाणाची कार्डे आणि त्यांवर मोठे एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी पुन्हा ठरवता येणाऱ्या चिपा, येत आहेत. तारा न बदलता आतले गणित बदलता येते हा एफपीजीएचा फायदा. पण दर बदलानंतर सगळे मार्ग घड्याळाच्या ठोक्यात बसतात का हे पुन्हा पाहावे लागते, आणि मोठ्या चिपचे एकेक कंपाइल, म्हणजे लिहिलेल्या रचनेचे चिपमधल्या जोडणीत रूपांतर, तासन्‌तास चालते. नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात अशा चिपांवर काम केलेल्याला हे दुखणे नवे नाही.