सुभाषितं नक्की कुणाची?

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ आपण चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. सतराव्या शतकात वामन पंडितांनी संस्कृत कवी भर्तृहरीचं नीतिशतक मराठीत आणलं, त्यातली ही ओळ. पण श्लोकाचा रोख भलताच आहे. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, हिंडता हिंडता सशाचं शिंगही मिळेल. हट्टी मूर्खाची समजूत मात्र कुणालाच घालता येणार नाही. शेवटचा चरण गळला आणि टोमण्याचा उपदेश झाला.

सुभाषिताच्या घडणीतच याची सोय आहे. प्रत्येक श्लोक स्वतंत्र, मागे कथा नाही, पुढे संदर्भ नाही; उचलावा आणि हवा तिथे बसवावा. भर्तृहरीच्या तीन शतकांत, म्हणजे शंभर-शंभर श्लोकांच्या तीन संग्रहांत, नावाप्रमाणे तीनशे श्लोक हवेत. पेशाने गणिती असलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा भर्तृहरीच्या नावावरचे श्लोक साडेआठशेच्या घरात गेले. त्यातले पोथ्यापोथ्यांत एकमताने आढळणारे जेमतेम दोनशे. चाणक्याची गत याहून वाईट. संस्कृतचे अभ्यासक लुडविक स्टर्नबाख यांनी त्याच्या नावावर चालणारी वचनं गोळा करून त्यांच्या सहा वेगवेगळ्या परंपरा दाखवल्या. आज फोनवर रोज फिरणाऱ्या ‘चाणक्यनीती’बद्दल तर बोलायलाच नको.

हे श्लोक टिकले ते संग्राहकांमुळे. विद्याकर या बौद्ध पंडिताने इसवी सन ११०० च्या सुमारास बंगालमध्ये केलेला सुभाषितरत्नकोश हा अशा संग्रहांतला सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याची ताडपत्रं हिंदी लेखक आणि प्रवासी राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमधल्या मठात सापडली, आणि कोसंबी व वा. वि. गोखले यांनी तो १९५७ मध्ये छापून आणला. त्यात १७३८ श्लोक आहेत, पण शाळेत पाठ करून घेतात तसला उपदेश त्यात थोडाच. प्रेम, विरह आणि ऋतू यांनी बरीच जागा अडवली आहे. आपल्याकडे देवगिरीच्या यादव कृष्णाच्या हत्तीदलाचा प्रमुख जल्हण याच्यासाठी १२५८ मध्ये सूक्तिमुक्तावली तयार झाली. तिच्यात दान आणि दैवाबरोबर राजसेवाही आहे. साहजिकच, कारण हे श्लोक रचणारे बहुतेक दरबाराच्या आशेवर जगणारे होते. धनवान तोच कुलीन, तोच पंडित, तोच वक्ता आणि तोच देखणा, सगळे गुण सोन्याच्याच आश्रयाला जातात, हा नीतिशतकातला श्लोक मला तरी तत्त्वज्ञान वाटत नाही. ती विद्वानाची जळजळ आहे.

मैत्रीच्या बाबतीतही संपादकाचा हात दिसतो. पंचतंत्र सुरू होतं ते मित्रभेदाने, म्हणजे कोल्ह्याने लावलेल्या कळीने. त्याच कथांवरून नारायण पंडिताने हितोपदेश रचला तेव्हा मित्रलाभ पुढे आणला आणि भेद मागे टाकला.

पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने सुभाषितरत्नभांडागार काढलं. काशिनाथ पांडुरंग परब यांनी सुरू केलेल्या या संग्रहात आवृत्तीगणिक भर पडत श्लोक दहा हजारांवर गेले. विद्या, मित्र, धन, दुर्जन अशी विषयवार मांडणी असल्यामुळे शिक्षक, कीर्तनकार आणि वक्ते यांना हवा तो श्लोक चटकन मिळू लागला.