डब्याएवढ्या पीसीत तीन मशिनं

बेळगाव, निपाणीकडच्या डीटीपीच्या दुकानांत एक जुना पीसी अजून सापडतो. विंडोज ७, इंटरनेट बंद, मागे डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) खोचलेलं. लग्नपत्रिकेचा मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, कन्नड मजकूर नुडीत, आणि वर्षानुवर्षांच्या फायली त्याच फॉन्टांत अडकलेल्या. म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. शेजारी बिलांचं मशीन, पलीकडे इंटरनेटचं. ही तिन्ही मशिनं जेवणाच्या डब्याएवढ्या एका मिनी पीसीत मावतात. अडतं ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: नेटवर्कची चिप आणि प्रोसेसरचे कोर.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एकाच शेडचे गाळे पाडून वेगवेगळी युनिटं चालवावीत, वीज एकाच जोडणीवरून घ्यावी, तसं हे काम आहे. गाळे पाडणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात, आणि एकेका गाळ्याला आभासी मशीन. कल्पना जुनी आहे; आयबीएमनं १९७२ मध्येच मोठ्या संगणकांसाठी ती विकायला काढली होती. साध्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय आली ती २००५ मध्ये इंटेलकडून आणि २००६ मध्ये एएमडीकडून. ही सोय बायॉसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, अनेकदा बंद असते. त्यामुळे पहिलं काम तिथलं: तिथं इंटेलची व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी या नावांची ही सोय चालू करायची, एएमडी असेल तर एसव्हीएम.

व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय हे कंपन्यांत सगळ्यात रुळलेलं हायपरव्हायझर. ते सर्व्हरसाठी बनवलेलं आहे, आणि कोणत्या सर्व्हरवर तपासलंय याची यादी असते. दुकानात मिळणारे बहुतेक मिनी पीसी त्या यादीत नसतात. यादीत नाही म्हणजे चालणारच नाही असं नव्हे. अडलात तर कंपनी मदतीला येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरी मेख ड्रायव्हरांत, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांत आहे. ईएसएक्सआय म्हणजे लिनक्स नव्हे. पूर्वी लिनक्सचे ड्रायव्हर वापरता यावेत म्हणून त्यात एक जोडथर होता. २०२० च्या ७.० आवृत्तीत तो काढून टाकला. परिणाम असा की ६.७ वर जुगाड करून चालणारी रिअलटेकची नेटवर्क चिप ७.० वर दिसेनाशी झाली. स्वस्त मिनी पीसींत रिअलटेकच जास्त. मग इन्स्टॉलर नेटवर्क कार्ड सापडलं नाही असं सांगून तिथंच थांबतो. लोक पेनड्राइव्ह खराब म्हणून बदलत बसतात. पेनड्राइव्हचा काही दोष नसतो.

इंटेलच्या आय-२१९ आणि आय-२२५ या चिपांचे ड्रायव्हर ८.० मध्ये मुळातच आहेत, म्हणून विकत घेताना डब्यावरच्या रॅमच्या आकड्याआधी नेटवर्क चिपचं नाव विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसतं. रिअलटेकच निघाली तर २०२५ पासून तिच्यासाठीही प्रायोगिक ड्रायव्हर मिळतो, पण तो आधी इन्स्टॉलरच्या फायलीत मिसळावा लागतो. हे काम पॉवरसीएलआय नावाच्या साधनानं होतं, आणि त्याला साधी आयएसओ (इन्स्टॉलरची नेहमीची फाइल) चालत नाही, डेपोची (सुट्या भागांची) झिप लागते. यूएसबी नेटवर्क कार्डाचाही मार्ग आहे. त्याचा ड्रायव्हरही असाच मिसळायचा. मात्र मशीन चालू होताना आभासी मशिनांना नेटवर्कशी जोडणारा आतला आभासी स्विच आधी तयार होतो आणि यूएसबी कार्ड मागाहून ओळखलं जातं. लाईट जाऊन आली की नेटवर्क तुटलेलं, असा प्रकार त्यामुळे होतो. स्टार्टअपच्या स्क्रिप्टमध्ये दोघांना पुन्हा जोडण्याची ओळ घालावी लागते.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. इंटेलच्या १२व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोर असतात: जोरकस पी-कोर आणि वीज वाचवणारे ई-कोर. आभासी मशीन सोयीप्रमाणे एका कोरवरून दुसऱ्यावर हलवता यावं, म्हणून सगळे कोर अगदी सारखे असतील असं ईएसएक्सआय धरून चालतं. सर्व्हरमध्ये ते असतातही. इथं चालू होतानाच्या तपासणीत फरक सापडतो आणि समोर जांभळा पडदा येतो, म्हणजे ईएसएक्सआय तिथंच कोलमडतं. सोपा उपाय म्हणजे बायॉसमध्ये ई-कोर बंद करणे, पण मग पैसे भरून घेतलेले कोर नुसते पडून राहतात. दुसरा उपाय: इन्स्टॉलर सुरू होताना शिफ्ट आणि ओ दाबायचं आणि आलेल्या ओळीच्या शेवटी ‘सीपीयू युनिफॉर्मिटी हार्ड चेक पॅनिक’ हे शब्द रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायचे. पहिला शब्द छोट्या अक्षरांत, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. मग बरोबरचं चिन्ह आणि मोठ्या अक्षरांत ‘फॉल्स’. ही ओळ त्या एका वेळेपुरतीच टिकते. इन्स्टॉल झाल्यावरच्या पहिल्या बूटला ती पुन्हा द्यायची आणि मग कमांडलाइनवरून कर्नलच्या (ईएसएक्सआयच्या गाभ्याच्या) सेटिंगमध्ये कायमची बसवायची. हे विसरलेल्याला पुढच्या रीबूटला जांभळा पडदा भेटतोच. गंमत म्हणजे स्वस्तातल्या एन१०० प्रोसेसरला ही भानगड नाही. त्याचे चारही कोर ई-कोरच.

डिस्कचं थोडक्यात: ईएसएक्सआय स्वतःसाठी १२८ जीबीच्या आसपास जागा बळकावतं. डिस्क २५६ जीबीची असेल तर अर्धी तिथंच गेली. त्याच शिफ्ट-ओच्या ओळीत ‘सिस्टिम मीडिया साइझ’ हा पर्याय ‘मिन’ ठेवला तर ३२ जीबीत भागतं. पेनड्राइव्हवर ते बसवू नका, ७.० पासून त्यावर सतत लिहिलं जातं आणि पेनड्राइव्ह लवकर मरतो.

एवढं सगळं दुकानासाठी करावं का? आमच्या मते नाही. व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रविद्यापीठाच्या) मुलाला नोकरीसाठी ईएसएक्सआय शिकायचं असेल तर जरूर करावं. फुकट आवृत्ती २०२४ मध्ये बंद झाली होती, ती २०२५ मध्ये परत आली आहे. पण पत्रिका छापणाऱ्यानं प्रॉक्समॉक्स हे दुसरं हायपरव्हायझर घ्यावं. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे, त्यामुळे रिअलटेक सहसा आपोआप ओळखलं जातं आणि मिश्र कोरांवरून बूट अडत नाही. बसवल्यावर दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता आणि ८००६ हा पोर्ट टाकायचा. पहिल्याच अपडेटला ४०१ ही चूक येते. कारण अपडेट जिथून येतात ते भांडार मूळ सेटिंगमध्ये पैसे भरणाऱ्यांचं असतं. ते बंद करून विनावर्गणी भांडार निवडलं की झालं.

जुनं विंडोज ७ नव्यानं बसवत बसू नका. डिस्क२व्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्या फुकट साधनानं चालू मशीनच्या डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढता येते, आणि प्रॉक्समॉक्स ती आत घेतं. नव्या आभासी मशीनला डिस्क आयडीई प्रकारची द्या, नेटवर्क कार्ड ई१०००. डिस्कसाठी वेगवान व्हर्टआयओ हा प्रकार निवडलात तर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसल्यानं निळा पडदा आणि ७बी हा आकडा येतो. विंडोज ७ चे नेहमीचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, म्हणून त्याचं नेटवर्क तोडूनच ठेवा.

रॅमचा हिशेब साधा आहे. विंडोज ७ ला २ जीबी, बिलांच्या मशीनला ४, इंटरनेटच्या मशीनला ४, प्रॉक्समॉक्सला २. म्हणजे १६ जीबीत आरामात, ८ मध्ये ओढाताण. तिन्ही मशिनं आता एकाच डिस्कवर आहेत. ती गेली की तिन्ही गेली, म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. यूपीएस हवाच, आणि बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्यायही. फौंड्रीच्या आसपास दुकान असेल तर पंख्याची जाळी वरचेवर साफ करा. धूळ बसली की तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला लागतो.

डोंगल यूएसबीचं असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये ते त्याच्या ओळख-क्रमांकानं जोडा, पोर्टच्या क्रमांकानं नको. म्हणजे कोणी ते काढून शेजारच्या भोकात खोचलं तरी चालतं. मात्र काही जुनी डोंगलं प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टची असतात. मिनी पीसीला तसा पोर्ट नसतो, आणि बाजारात मिळणारी यूएसबीची जोडणी प्रिंटरपुरतीच असल्यानं असलं डोंगल तिच्यातून सहसा दिसत नाही. तसं निघालं तर तो जुना पीसी भंगारात देऊ नका.