टाइपऑफ नल, मार्की आन् रिकामी डिव्ह: फ्रंटएंडची थोडी पार्श्वभूमी

चुलतभावाचा पोरगा मागच्या महिन्यात नागपूरला इंटरव्ह्यू देऊन आला. रिॲक्ट (फ्रंटएंड, म्हणजे साइटचा दिसणारा भाग, बनवायचं जावास्क्रिप्टचं साधन) त्याला बऱ्यापैकी येते, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, दोन प्रोजेक्ट टाकून ठेवलेत, पण तिथं त्याला विचारलं की जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) टाइपऑफ नल केलं, म्हणजे 'काहीच नाही' याचा प्रकार विचारला, तर काय येते, आणि हा म्हणे नलच येईल ना. येते ऑब्जेक्ट. घरी आल्यावर माझ्यावरच चिडला, "काका, असं उलटं काऊन ठेवलं बा त्यायनं?" त्याला सांगता सांगता लय मागं जावं लागलं.

सुरुवात जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतून. तिथं शास्त्रज्ञांचे कागद वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवर पडलेले, एकाचं दुसऱ्याला सापडत नव्हतं, म्हणून टिम बर्नर्स-लीनं १९८९ मध्ये एक प्रस्ताव दिला आणि त्यातून एचटीएमएल (पान लिहायची भाषा) आणि वेब आलं. म्हणजे मुळात हे कागद दाखवायचं साधन, मथळा, परिच्छेद, लिंक, बस. पण आपल्या कामाची तारीख वेगळीच आहे, ३० एप्रिल १९९३, त्या दिवशी सर्ननं हे सगळं जगाला फुकट वापरायला मोकळं करून टाकलं. लायसन नाही, महागडं सॉफ्टवेअर नाही, नोटपॅड आणि ब्राउझर असला की झालं. वरून व्ह्यू सोर्स. कोणतंही पान आवडलं की राइट क्लिक करायचं, त्याचा कोड पाहायचा, उचलायचा, आपलं नाव टाकायचं. पहिल्या पिढीतले कितीतरी लोक असंच शिकले, क्लास होतेच कुठं.

दिसायला बरं असावं म्हणून सीएसएसची कल्पना हाकून व्हियुम लीनं १९९४ मध्ये मांडली, ते पक्कं व्हायला डिसेंबर १९९६ उजाडला, तोवर लोकांनी टेबल आणि फाँट टॅग वापरून भागवलं आणि ती सवय पुढं कित्येक वर्षं गेली नाही. मधे १९९५. त्या वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि तिकडं मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. आधी नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, मग जावा या दुसऱ्याच भाषेची हवा होती म्हणून जावास्क्रिप्ट. या नावापायी आमच्या तालुक्यात आजही पोट्टे जावाच्या क्लासची फी भरून येतात आणि दोन महिन्यांनी कळते की हे ते नव्हंच.

आता टाइपऑफ नल. त्या पहिल्या नमुन्यात प्रत्येक किमतीला (व्हॅल्यूला) प्रकाराची खूण लावलेली असायची, ऑब्जेक्टची खूण शून्य, आणि नल म्हणजे सगळेच शून्य, तर मशीन त्याला ऑब्जेक्ट समजलं. घाईतली चूक. नंतर दुरुस्तीचा प्रस्ताव आला होता पण तसं केलं तर जुन्या साइटा मोडल्या असत्या, म्हणून चूक तशीच ठेवली. वेबचा हा अलिखित नियमच आहे, जुनं पान मोडायचं नाही.

आमच्याकडं हे सगळं पोचलं लय उशिरा. मी २००७ च्या उन्हाळ्यात दारव्ह्याला एका क्लासात जायचो, नाव नको, चपला बाहेर काढायच्या, आत डबडा मॉनिटर, एका कॉम्प्युटरवर तिघं जण आणि दुपारी लाइन गेली की घरी. सर सांगायचे फाइल सेव्ह करताना खाली ऑल फाइल्स निवडा, नाहीतर मागं टीएक्सटी लागते आणि ब्राउझर कोडच दाखवते, आणि तीन पोट्ट्यांतल्या दोघांची ती लागायचीच. तोवर जगात जीमेल आणि गूगल मॅप्स येऊन गेलेले, २००६ मध्ये जेक्वेरी (जावास्क्रिप्टचं काम सोपं करणारं तयार साधन) आलेलं, आणि आम्ही फी भरून मार्की शिकून राहिलो होतो, म्हणजे स्वतःचं नाव लाल रंगात इकडून तिकडं पळवायचं. सीएसएसचा स नाही. राग आजही आहे. पण ते नाव पळालं तेव्हा जो आनंद झाला तोही खरा आहे.

मग २००८ मध्ये क्रोम आलं, जावास्क्रिप्ट पळायला लागलं, आणि २०१३ मध्ये फेसबुकनं रिॲक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं. पानं ॲपसारखी झाली. पण अशा कित्येक साइटांवर आता व्ह्यू सोर्स केलं तर रूट नावाची एक रिकामी डिव्ह, म्हणजे एचटीएमएलचा नुसता डबा, दिसते आणि खाली दाबून एका ओळीत कोंबलेली स्क्रिप्ट, त्यातून शिकणार काय. आणि नेमकं तेव्हाच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, गावागावात नेट आलं, पण आलं फोनवर, जिथं राइट क्लिकही नाही आणि इन्स्पेक्टही (पानाचा कोड आतून पाहायची सोय) नाही. म्हणून आमची पोरं व्हिडिओ पाहून शिकतात, आणि व्हिडिओवाला थेट रिॲक्टपासून सुरू करतो, कारण नोकरीच्या जाहिरातीत तेच लिहिलेलं. वेबच्या भाषांची माहिती देणारी एमडीएन साइट आहे, कोडिंग शिकवणारं फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून फुकट आहे, पण इंग्रजी वाचायचा कंटाळा. आता एआयला विचारलं की कोड तयार मिळते, तर डिव्ह मधात आणायला काय लागते हेही कोणी स्वतः करून पाहत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, महिनाभर रिॲक्ट बंद ठेव, कोणाचातरी सेकंडहँड लॅपटॉप घे, आणि साधं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट हातानं लिही.

जुनी सीडी सापडली म्हणून ती २००७ ची फाइल मी त्याच्या फोनवर पाठवली. क्रोममध्ये उघडली आणि मार्की अजूनही पळते, लाल रंगात, जसंच्या तसं. फक्त नाव मी तेव्हा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी रूप देणाऱ्या जुन्या फाँटमध्ये, तो फाँट फोनवर नाही, म्हणून इकडून तिकडं नुसतीच वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं पळत होती. पोरगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणे, "काका, हे कोणत्या भाषेत लिहिलं तुम्ही?"