बो प्लाँ साखर कारखाना (मॉरिशस)

मॉरिशसच्या उत्तर भागात पाम्प्लमूस येथे असलेला जुना साखर कारखाना. १७९७ पासून चाललेले येथील काम १९९९ मध्ये कायमचे थांबले. २००२ पासून याच वास्तूत साखरेच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. जुनी यंत्रे जागच्या जागी ठेवलेली असल्याने उसापासून दाण्यापर्यंतची वाट चालत चालत पाहता येते.

मॉरिशसवर ऊस डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणला. साखरधंद्याचा पाया मात्र फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याच्या काळात घातला गेला. चक्रीवादळात इतर पिके जमीनदोस्त होतात, ऊस मात्र आडवा पडूनही बराचसा सावरतो. बेटावर तो टिकला याचे हे एक मोठे कारण. १८२५ मध्ये ब्रिटनने येथील साखरेवरील जादा जकात उठवली आणि लागवड झपाट्याने वाढली.

गाळपाचा हंगाम साधारण जून ते डिसेंबर. तोडलेला ऊस वाळला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून तो लगोलग गव्हाणीत, म्हणजे ऊस चरकाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, पडावा लागतो. चरकातून निघालेला रस चुना घालून तापवला की गाळ तळाशी बसतो. निवळ रस आटवून घट्ट केला जातो, मग कमी दाबाच्या बंद कढईत त्याला दाणा धरतो. वेगाने फिरणाऱ्या जाळीदार पिंपात दाणे आत राहतात आणि मळी, म्हणजे दाणा न धरलेला घट्ट पाक, बाहेर फेकली जाते. रस काढल्यावर उरलेला उसाचा भुसा जळण म्हणून बॉयलरमध्ये जातो. बेटावरचे आजचे कारखाने त्यावर वीजही तयार करतात.

हा सारा डोलारा आधी गुलामांच्या आणि १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर भारतातून करारावर आणलेल्या मजुरांच्या अंगमेहनतीवर उभा होता. पुरुषाला महिन्याला ५ रुपये मिळत; एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. शेतांत काळ्या ज्वालामुखी दगडांचे उंच ढीग दिसतात. जमीन साफ करताना ते दगड याच माणसांनी हातांनी वेचून रचले. बेटाचा इतिहास सांगताना यंत्रांआधी या ढिगांकडे पाहायला हवे.

या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.