स्टेम शिक्षण आणि करिअरमधलं समावेशन, ठाणे आणि नवी मुंबई

विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित, म्हणजे ज्याला हल्ली सगळे स्टेम म्हणतात, त्या शिक्षणात आणि पुढच्या नोकऱ्यांत मुली, दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक, अपंग, ट्रान्सजेंडर आणि एकूणच गरीब घरातली मुलं पोहोचावीत, टिकावीत आणि वरच्या पदापर्यंत जावीत म्हणून जे कायदे, योजना आणि लोकांची कामं चालतात ते सगळं या विषयात येतं. ठाणे-नवी मुंबईत हा विषय जरा वेगळा बघावा लागतो कारण इथे अंतर हे कारणच सांगता येत नाही. ऐरोली, घणसोली, महापेचे आयटी पार्क, खारघरचं कॅन्सर संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक, नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था आणि वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, हे सगळं लोकलच्या एका पासात येतं, आणि त्याच पट्ट्यात तुर्भ्याच्या दगडखाणी, दिघ्याच्या चाळी, कोपरखैरण्यातल्या माथाडींच्या वसाहती पण आहेत. काचेच्या बिल्डिंगच्या गेटपासून दहा मिनिटांवर राहणारी मुलगी त्या बिल्डिंगमध्ये इंजिनिअर म्हणून का जात नाही, हा इथला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधलं तर ती नेमकी कुठे कुठे अडते तेच सांगावं लागतं.

आधीचा इतिहास

या भागाला यात अभिमान वाटावा असं बरंच आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, जन्म 1865 चा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्याच, आणि 1886 मध्ये त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी टीबीने गेल्या, वय जेमतेम एकवीस. कमला सोहोनींना 1933 मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी आधी मुलगी म्हणून नकारच दिला, त्या हटल्या नाहीत म्हणून अटी घालून घेतलं, आणि त्याच सोहोनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या, विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. हे उदाहरण शाळेत कौतुकाने सांगतात ते बरोबरच आहे, पण त्यातली अटींची गोष्ट पण तितकीच सांगायला हवी, कारण हुशारी असूनही आधी स्वतःला सिद्ध कर मग बघू हे मुलींना आजही ऐकावं लागतं.

जातीच्या बाजूने बघितलं तर कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखीव ठेवल्या, 1944 मध्ये अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. आज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर जो फॉर्म भरतात त्याची सुरुवात तिथली आहे.

नवी मुंबईचं स्वतःचं एक वेगळं दुखणं आहे. 1970 मध्ये नवं शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांची जमीन शहरासाठी गेली, त्याआधी ठाणे-बेलापूर पट्टीत एमआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत, आली होतीच. आगरी-कोळी लोकांची भातशेती, मिठागरं, खाडीची मासेमारी गेली, 1984 च्या जानेवारीत जासईला गोळीबारात पाच शेतकरी गेले, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत द्यायची योजना मिळाली. पण भूखंड मिळणं वेगळं आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत टेक्निकल पोस्ट मिळणं वेगळं. प्रकल्पग्रस्तांच्या वाट्याला बऱ्याच ठिकाणी ट्रान्सपोर्टचा, हाउसकीपिंगचा, पाण्याच्या टँकरचा ठेका आला, त्यात पैसा आला हे खरं, पण डिग्री-डिप्लोमावाली पिढी घडवायला वेगळी गुंतवणूक लागते ती त्या मानाने फार उशिरा सुरू झाली.

मुलं कुठे अडतात

सगळ्यात आधी भाषा. महापालिकेच्या मराठी शाळेतलं मूल दहावीपर्यंत प्रकाशसंश्लेषण, त्वरण, बहुपदी असं शिकतं आणि अकरावी सायन्सच्या वर्गात बसलं की पहिल्याच आठवड्यात सगळं इंग्रजीत समोर येतं. विषय येत असतो पण उत्तर देता येत नाही, मग मूल गप्प होतं आणि सर समजतात की याला काही येत नाही. मुंब्रा, राबोडी, भिवंडीतल्या उर्दू माध्यमाच्या मुलींचं अगदी हेच होतं. सेमी इंग्रजीने थोडी मदत होते, पण घरी इंग्रजी वाचणारं कोणी नसेल तर सेमीतलं मूल पाठ करून पुढे जातं. होमी भाभा केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकातच मुंबई महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम करून दाखवलं होतं की पुस्तकाची भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, प्रश्न विचारू दिले की हीच मुलं चांगले मार्क आणतात. चाळीस वर्षं होत आली, इतकं साधं आणि तपासून बघितलेलं उत्तर अजून प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात का पोहोचलं नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

परीक्षांमध्ये थोडं बदललंय. नीट 2017 पासून मराठीत देता येते, जेईई मेन 2021 पासून, पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड अजून फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे, आणि आपल्या एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठी किंवा उर्दूत घेता येतं पण गणिताचा पेपर इंग्रजीच. शिवाय पेपर मराठीत मिळाला तरी तयारी मराठीत होत नाही, क्लासचं मटेरिअल सगळं इंग्रजीतच असतं आणि ठाण्यात नौपाड्यात किंवा वाशीत चांगल्या इंटिग्रेटेड क्लासची फी भरणं रिक्षा चालवणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या घराला शक्यच नसतं. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना जेईई-नीट-सीईटीचं मोफत ऑनलाइन कोचिंग आणि टॅब देते, अनुसूचित जातींसाठीची बार्टी, मराठा समाजासाठीची सारथी या सरकारी संस्थांच्या पण योजना आहेत. टॅब मिळतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, तिथे तीन तास बसून लेक्चर कुठे ऐकणार, म्हणून वस्तीत संध्याकाळी उघडी असणारी अभ्यासिका ही टॅबइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे आणि नगरसेवकांकडे लोकांनी ती मागायला पाहिजे.

मग कागदपत्रं. याबद्दल बोललं कमी जातं पण बारावीनंतर कितीतरी मुलांचं इथेच अडतं. इंजिनिअरिंग, फार्मसीला राखीव जागेवर जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीची व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, लागते, आणि त्यासाठी वडील-आजोबांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास आणि जातीची नोंद दाखवायची. आता खाणीवर दगड फोडायला आलेल्या वडार कुटुंबाचे आजोबा शाळेतच गेले नाहीत तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून, आणि कुटुंब कर्नाटकातून नंतर आलेलं असेल तर इथली सवलत मिळतच नाही. मुरबाड-शहापूरच्या कातकरी पाड्यावर तर जन्माच्या नोंदीचीच बोंब, आणि कातकरी ही सरकारने विशेष असुरक्षित गटात धरलेली जमात आहे. आठवीतच मुलांची कागदपत्रं गोळा करायला लावणारे काही शिक्षक आहेत, गावच्या तलाठ्याकडे, जुन्या शाळेत, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, नोंदी शोधायला लावतात, हे काम कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही पण एका मुलीची इंजिनिअरिंगची सीट त्याच्यामुळे वाचते.

कातकरी मुलांचं अजून एक म्हणजे स्थलांतर. दिवाळी झाली की घरं भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसापर्यंत, म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष गेलं. गणितात अपूर्णांक चुकले तर बीजगणित येत नाही, आणि बीजगणित नाही तर सायन्स विसराच. विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा काढल्या होत्या, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत शाळा, ती कल्पना आजही लागू पडते.

खासगी शाळांत आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के जागा, हा पण एक रस्ता आहे. 2024 च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती, ती हायकोर्टाने जुलैमध्ये रद्द केली. शहरात याचा अर्थ खूप मोठा होता कारण इथे जवळपास प्रत्येक खासगी शाळेपासून महापालिकेची शाळा किलोमीटरच्या आतच सापडते.

मुली आणि नोकरी

देशात स्टेम शिकणाऱ्यांमध्ये मुली साधारण 43 टक्के आहेत पण संशोधनात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत 2018 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे स्त्रिया 16.6 टक्केच होत्या. म्हणजे मुली शिकतात, पण मधेच कुठेतरी गळतात, आणि ते कुठे हे प्रत्येक घराला माहिती आहे, लग्न, बाळ, सासू-सासऱ्यांचं आजारपण. आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, 14 टक्क्यांपासून सुरू करून 2020 पर्यंत 20 टक्के गाठायचं ठरवलं आणि त्यात मुलांची एकही जागा कमी केली नाही. राज्याने 2024-25 पासून वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ केली, फक्त मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. पैसे नाहीत म्हणून पोरीला बीए आणि पोराला इंजिनिअरिंग असं ठरवणाऱ्या घरांत याने खरंच फरक पडू शकतो.

नोकरीत 2017 पासून 26 आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा आहे, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर लागतं, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते, 2013 चा कायदा आहे. मोठ्या आयटी कंपन्यांत हे बहुतेक पाळलं जातं. रबाळे-महापेच्या छोट्या युनिटमध्ये, जिथे वीस-पंचवीस माणसं मशिनवर असतात आणि डिप्लोमा झालेली एखादीच मुलगी, तिथे साधं स्वच्छ बाथरूम मिळणं हाच समावेशनाचा पहिला मुद्दा असतो. दुकानं-ऑफिसांच्या 2017 च्या राज्य कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने आणि सुरक्षेची सोय करूनच ठेवता येतं, म्हणून कंपनीची कॅब असते, पण कॅब कंत्राटी कामगारांना नसते. 2004 मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली त्याने ठाणे, कळवा, डोंबिवलीकडच्या मुलींना ऐरोली-तुर्भेची नोकरी आवाक्यात आली, आधी कुर्ल्याला वळसा घालावा लागायचा. माझ्या मते कुठल्याही कंपनीच्या डायव्हर्सिटी कार्यक्रमापेक्षा या एका रेल्वे लाइनने जास्त मुली कामावर आणल्या.

ब्रेकनंतर परत येणाऱ्यांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाच्या फेलोशिप आहेत, शाळकरी मुलींसाठी 2019 पासून विज्ञान ज्योती आहे, संस्थांनी स्वतःला तपासावं म्हणून 2020 चा गती प्रकल्प आहे. भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले, ज्या 2024 मध्ये गेल्या, त्या आयुष्यभर हेच सांगत राहिल्या की प्रश्न मुलींच्या कुवतीचा नाहीये, संस्था कशा चालतात त्याचा आहे.

अपंगत्व

2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, उच्च शिक्षणात 5 टक्के आणि सरकारी नोकरीत 4 टक्के जागा ठेवल्या. वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र अपंग मुलांच्या शिक्षण आणि थेरपीसाठी सगळीकडे नावाजलेलं आहे. पण विज्ञानाकडे वळायची वेळ आली की अडचण सुरू होते. न दिसणाऱ्या मुलाला प्रॅक्टिकल कसं करणार म्हणून आर्ट्सला पाठवतात, लर्निंग डिसॅबिलिटीच्या मुलाला दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सवलत मिळते, ती गरजेची आहेच, पण ती घेतली की पुढे सायन्स अवघड होतं हे पालकांना त्या वेळी नीट सांगितलं जात नाही. आंध्रातल्या श्रीकांत बोल्लाला अंध म्हणून अकरावी सायन्स नाकारली होती, तो कोर्टात गेला, जिंकला आणि पुढे एमआयटीत शिकला. स्क्रीन रीडर, स्पर्शाने कळणाऱ्या आकृत्या, बोलणारं थर्मामीटर या वस्तू आता मिळतात, कॉलेजच्या लॅबसाठी त्या मागवायला प्राचार्यांची एक सही लागते.

इथे काम करणारे लोक

ठाण्याचा जिज्ञासा ट्रस्ट राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचं काम राज्यात बघतो, त्यात खेड्यातली आणि आश्रमशाळेतली मुलं आपल्याच गावच्या पाण्यावर, शेतीवर प्रोजेक्ट करून आणतात, तेही मराठीत, आणि याची बरोबरी फीवाल्या कुठल्या रोबोटिक्स क्लासला येत नाही. समता विचार प्रसारक संस्था ठाण्याच्या वस्त्यांतल्या, प्रतिकूल परिस्थितीत दहावी पास झालेल्या मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करते आणि त्यांना धरून ठेवते, पुढे हीच मुलं मोठी होऊन लहानांना शिकवायला येतात. बाहेरगावहून आलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये धरलेले आहेत, पण ते हप्त्याने येतात आणि उशिरा येतात, खोलीवाला मात्र भाडं आणि डिपॉझिट आधीच मागतो, त्यामुळे ज्याच्याकडे सुरुवातीचे दोन महिने भागवायला पैसे आहेत तोच मुलगा पैसे येईपर्यंत टिकतो. काही कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन हा मधला काळ भागेल इतका छोटा फंड ठेवलाय, पैसे आले की मूल परत भरतं, आणि तोच पैसा पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याला जातो.