१,८०० ग्रॅमची दोन बाळे

बाळाचे वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरले की मराठवाड्यात घरची माणसे सरसकट ‘अपुऱ्या दिवसांचे आहे’ असे म्हणून मोकळी होतात. वास्तविक ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ तेवढे अपुऱ्या दिवसांचे. दिवस भरूनही पोटात पोषण कमी पडल्याने बारीक राहिलेले बाळ निराळे. काट्यावर दोन्ही १,८०० ग्रॅम भरू शकतात, पण जंतूंशी लढण्याची त्यांची तयारी सारखी नसते.

आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास बाळाकडे त्यांचे प्रमाण आईच्या साधारण निम्मे असते आणि दिवस भरेपर्यंत ते आईइतके किंवा थोडे अधिकही होते. म्हणजे तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ अर्धीच शिदोरी घेऊन निघालेले असते. त्याची त्वचाही इतकी पातळ असते की सलाईनची चिकटपट्टी काढताना ती सोलवटते आणि जंतूंना वाट मिळते. शिरेतील सुई आणि नाकातील नळी जीव वाचवतात खऱ्या, पण त्याही जंतूंच्या वाटा ठरू शकतात.

दिवस भरलेल्या बारीक बाळाची त्वचा तयार असते, प्रतिपिंडेही बहुतांशी पोचलेली असतात. त्यालाही संसर्गाचा धोका नाही असे नव्हे. मात्र पहिल्या दिवशी त्याच्या रक्तातील साखर उतरणे आणि अंग गार पडणे यांचीच काळजी अधिक असते.

बीडकडून ऊसतोडीला गेलेल्या बाईची पाळीची तारीख अनेकदा कुठेच नोंदलेली नसते. अशा वेळी डॉक्टर बाळालाच तपासतात: दिवस भरलेल्या बाळाच्या तळपायावर सर्वत्र रेघा असतात आणि कान दुमडून सोडला तर झटकन सरळ होतो, फार लवकर जन्मलेल्याचा तळपाय गुळगुळीत असतो, कान दुमडलेलाच राहतो. ‘सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही’ या समजुतीला मात्र काहीच आधार नाही, पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

चीक आणि आईच्या उघड्या छातीची ऊब दोघांनाही हवी, मध किंवा घुटी कोणालाच नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. ते गार पडते, दूध ओढत नाही, श्वास मध्येच थांबतो. आईकडून आलेली त्याची प्रतिपिंडे लवकर संपतात, म्हणून सहा आठवड्यांच्या लसी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून न मोजता जन्मतारखेपासूनच मोजल्या जातात.